चिखलाचा ओटा: शेफील्डचा आणि सहकारनगरचा

शेफील्डमध्ये मुलाला नर्सरीत घालताना आमच्या हाती जी यादी आली, तिच्यात वह्या-पुस्तकांचा उल्लेखही नव्हता. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, कपड्यांवरून चढवायचा पावसाळी सूट आणि कपड्यांचे जादा जोड एवढेच तिच्यात होते. त्याचे कारण मागच्या अंगणात दिसले. जुन्या फळ्यांचा बुटका ओटा, त्यात बसवलेले एक पातेले, पाठीमागच्या फळीवर टांगलेले डाव आणि चाळण्या, शेजारी मातीने भरलेली लाकडी पेटी. आणि त्या भुरभुर पावसात चार-पाच मुले अत्यंत गंभीर चेहऱ्याने चिखल ढवळत उभी होती. शिक्षिका जवळच होत्या, पण कोणीही कोणाला काही शिकवत नव्हते.

इंग्लंडमध्ये हे कोणा एका शाळेचे खूळ नाही. पाच वर्षांखालील मुलांच्या संस्थांसाठी तिथे २००८ पासून जो राष्ट्रीय आराखडा लागू आहे, त्यात मुलांना रोज बाहेर खेळण्याची संधी देणे बंधनकारक आहे. त्याचीही मुळे जुनी आहेत: रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत उघड्या हवेतली बालशाळा सुरू केली होती. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, त्यातही माती, बिया, पाने, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने होती. त्यामुळे चिखलाचा ओटा ही परदेशी टूम आहे असे म्हणणाऱ्यांशी मी फारसा वाद घालत नाही.

पुण्यात हे जमेल का, असे मला इथल्या मैत्रिणी विचारतात. माझ्या मते ते शेफील्डपेक्षा पुण्यात अधिक सोपे आहे, कारण या खेळातली सर्वांत महत्त्वाची वस्तू, म्हणजे खरी, वजनदार, वापरून जुनी झालेली भांडी, प्रत्येक मराठी घराच्या माळ्यावर मोडीत जायची वाट पाहत पडलेली असते. मागच्या वेळी सुटीवर आले असता सहकारनगरला आईच्या घरामागे दादाच्या मुलांसाठी आम्ही असा ओटा केला, तेव्हा माळ्यावरून स्टीलची पातेली, एक चेपलेली परात, झारा, उलथने, पुरणाची चाळण आणि दांडा हललेली कढई निघाली. त्यांच्याबरोबर एक पितळी पातेलेही आले, तेव्हा आई लगेच म्हणाली, ‘‘अगं, ते राहू दे, त्याला कल्हई नाहीये.’’ चिखल शिजवण्यासाठी कल्हई कशाला हवी, हे तिला पटवण्यात अर्धी सकाळ गेली आणि पातेले शेवटी माळ्यावरच परतले. तुळशीबागेतली भातुकली दिसायला कितीही गोड असली, तरी या कामासाठी निरुपयोगी ठरते; त्या इवल्या भांड्यांत ओली माती ढवळताच येत नाही, आणि मुलांना खरा आनंद दोन्ही हातांनी जड डाव फिरवण्यात असतो. काच आणि चिनी माती मात्र पूर्ण वर्ज्य.

ओट्यासाठी नवे लाकूड घेण्याची गरज नाही. चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निघालेली माल ठेवण्याची लाकडी पॅलेट भंगारवाल्यांकडे मिळतात. परदेशातून आलेल्या किंवा परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाचा शिक्का असतो आणि त्यात प्रक्रियेची अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने कीडमुक्त केलेले लाकूड, ते चालते; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते घेऊ नये. तेलाचे किंवा रसायनाचे डाग पडलेले लाकूड शिक्का काहीही असला तरी सोडून द्यावे. वाडा पाडताना निघालेल्या रंगीत दारांच्या फळ्यांचा मोह अनेकांना होतो, परंतु जुन्या तैलरंगात शिसे असण्याची मोठी शक्यता असते आणि तो रंग घासून काढला तर शिशाची धूळ उडते. तेव्हा त्या फळ्या दिवाणखान्यातच शोभू द्याव्यात.

मापांपैकी उंची तेवढी नीट सांभाळावी. आपल्या स्वयंपाकघरातला ओटा साधारण ८५ सेंटिमीटर उंच असतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ५० सेंटिमीटरच्या आसपास पुरते, म्हणजे डाव ढवळताना खांदे वर उचलावे लागत नाहीत. लांबी मीटर-सव्वा मीटर ठेवली तर दोन मुले भांडण न करता, किंवा निदान कमी भांडून, शेजारी उभी राहतात. आमच्या सुतारकाकांनी पातेले फळीवर उपडे घालून त्याच्या काठाभोवती पेन्सिल फिरवली, मग त्या रेषेच्या आत बोटभर सोडून दुसरी रेष काढली आणि आतल्या रेषेवर करवत चालवली. पातेले वरून सोडताच काठावर अचूक टेकले. धुण्यासाठी ते उचलून काढता येते, म्हणून नळजोडणीची काहीही भानगड उरत नाही. नंतर सगळ्या कडा पॉलिश पेपरने घासून घेतल्या, खिळ्यांऐवजी स्क्रू वापरले आणि मागची फळी भिंतीला पक्की जखडली, कारण मुले ओट्यावर चढतात, हे गृहीतच धरायचे.

पाण्याच्या बाबतीत मी कंजूष आहे. नळाला पाइप लावून दिला की दहा मिनिटांत सगळ्याचे तळे होते आणि खेळ संपतो. त्याऐवजी तोटी असलेला पाच लिटरचा लहान पिंप ओट्यावर ठेवावा आणि तो दिवसाकाठी एकदाच भरावा. पाणी मोजके असले की मुले विचार करू लागतात. भाच्याने पहिल्या दिवशी सगळे पाणी एकाच पातेल्यात ओतले आणि दुसऱ्या दिवशी तो बहिणीला ‘‘वरण नको, पिठलं कर, पाणी पुरत नाही’’ असे बजावत होता. गुरुवारच्या पाणीकपातीची सवय असलेल्या पुणेकरांना हा हिशेब समजावून सांगायला नको. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी या कामाला अगदी योग्य.

माती रोपवाटिकेतून विकतची आणावी. अंगणातली काळी माती चिकट असते, नखांत बसते आणि मांजरांनी ती आधीच आपल्या सोयीसाठी वापरलेली असते. मांजराच्या विष्ठेतून येणारे जंतू आणि कुत्र्यांचे जंत यांमुळेच मातीच्या पेटीला झाकण असणे आवश्यक आहे. शेणखत मिसळलेली माती नको, साधी लाल माती आणि थोडी वाळू पुरे. गणपतीनंतर घरच्या बादलीत विरघळलेली, रंग न दिलेली शाडूची माती यासाठी उत्तम ठरेल, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ती तुळशीतच जावी असे वाटत असेल तर आपण हट्ट धरू नये. मुलांचे धनुर्वाताचे डोस वेळेवर झालेले असावेत आणि खेळ संपला की साबणाने हात धुणे हा नियम बिनशर्त असावा.

आता एक गोष्ट शेफील्डच्या शिक्षिकांना सांगावी लागत नाही, पण पुण्यात सांगितलीच पाहिजे. मुले ‘भाजी’ म्हणून दिसेल ते पान तोडतात, आणि आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला कण्हेर व बिट्टी हौसेने लावलेली असते. दोन्ही झाडे पूर्ण विषारी आहेत. मोकळ्या जागेतला धोत्रा आणि एरंडाच्या बियाही तशाच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. ओटा मांडण्यापूर्वी आसपासची झाडे ओळखून घ्यावीत आणि ‘भाजी’ साठी जास्वंद, शेवगा, कढीपत्ता, गवती चहा यांची टोपली आपणच भरून द्यावी. झेंडूच्या पाकळ्यांची हळद फार छान होते, हे मला भाचीकडून समजले.

संध्याकाळी सगळी भांडी उपडी घालून ठेवणे हे पुण्यातले दुसरे पथ्य. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात ओट्यावर विसरलेली एक वाटीसुद्धा त्याला चालते. मातीच्या पेटीच्या तळालाही पाणी निघून जाण्यासाठी भोके हवीत.

कपड्यांसाठी इंग्रजी पावसाळी सूट मागवू नयेत. पुण्याच्या उकाड्यात मुले त्यात भिजण्याऐवजी घामाने निथळतील. बोहारणीला द्यायचे जुने कपडे थोडे थांबवून ‘चिखलाचे कपडे’ म्हणून वेगळे ठेवले की भागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या समितीशी आधी बोलून कोपरा ठरवून घ्यावा, तो ड्रेनेजच्या चेंबरपासून लांब असावा, आणि झाडलोट आपण करू असे लेखी द्यावे. एरवी पहिल्याच चिखलाच्या पावलांवर व्हॉट्सअॅप गटात रणकंदन होते. माती आणताना एक गोणी जास्तीची आणावी, कारण दिवाळीत किल्ल्यासाठी मुले हीच पेटी रिकामी करतात.