तुम्ही विचारलंत म्हणून: निम्म्या बायकांना खोटी गोळी का देतात?

प्रश्न थोड्याफार फरकानं नेहमी हाच असतो. "बाई, औषध हाय म्हणतात तर सगळ्यास्नी द्यायचं की. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी, हे कुठलं शहाणपण?" विचारणारी कधी माझी जुनी विद्यार्थिनी असते, तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कधी आशाताई असते, कारण गावातले टोमणे तिलाच ऐकावे लागतात. जांबोटीच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मला हे थेट पाप म्हणून सुनावलं होतं.

मला विचारतात त्याला कारण आहे. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत मी विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर बेळगावातल्या एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर बसते. माणसांवर करायच्या संशोधनाला अशी समिती आधी मंजुरी देते, मगच ते सुरू होतं. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली जे नियम आले, त्यांनुसार समितीत किमान ७ जण लागतात. निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत. त्यांत कायदा जाणणारं कुणी हवं, एक तरी स्त्री हवी आणि तुमच्याआमच्यासारखं एक साधं माणूसही हवं. त्या साध्या माणसाच्या खुर्चीवर मी बसते, म्हणून उत्तर देणं माझं काम आहे.

तुमच्या प्रश्नातले हे दोन शब्द बघा: "औषध हाय". तेच अजून ठरलेलं नसतं. गोळी आहे, तिच्याकडून आशा आहे, प्रयोगशाळेत किंवा दुसरीकडे कुठंतरी तिनं चांगलं काम केलेलं आहे. पण घरी बाळंत होणाऱ्या, आधीच अंगात रक्त कमी असलेल्या आपल्या बाईला ती उपयोगी पडते का, हे कुणालाच ठाऊक नसतं. ठाऊक असताना खोटी गोळी दिली तर तो गुन्हाच. उपचार आधीच सिद्ध झालेला असेल तर त्याच्या जागी सहसा खोटी गोळी देता येत नाही. नव्या औषधाची तुलना त्या जुन्या उपचाराशी करावी लागते. २०१८ साली बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळणाऱ्या आणि उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिन या इंजेक्शनची चाचणी प्रसिद्ध झाली. भारतासह १० देश, जवळजवळ ३०,००० बायका. त्यांतल्या एकीलाही खोटं इंजेक्शन मिळालं नाही, कारण ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हा सिद्ध उपचार हाताशी होता. निम्म्यांना ते दिलं, निम्म्यांना नवं. ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त जाण्याबाबत नवं औषध जुन्यापेक्षा कमी पडलं नाही.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट, जी इथं फार थोड्यांना माहीत आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळीची चाचणी झाली. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही आणि बाई तास-दोन तासांत जाऊ शकते. ऑक्सिटोसिन होतं, पण ते इंजेक्शन. ते थंड जागी ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. तेव्हा खेड्यात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईपर्यंत ते पोचतच नव्हतं, म्हणून इथं तुलना खोट्या गोळीशी करता आली. मिसोप्रोस्टॉल तोंडानं घ्यायचं, फ्रिजची गरज नाही. १६२० बायकांनी चाचणीत भाग घेतला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी, आणि कुणाला कुठली हे देणाऱ्या नर्सबाईलाही माहीत नव्हतं. किती रक्त गेलं हे नजरेनं ठरवलं नाही. बाळंतिणीखाली प्लास्टिकचं कापड घालून खालच्या खुणा केलेल्या पिशवीत ते जमा केलं आणि मोजलं. हा मोजण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो. "बरंच गेलं" आणि "नेहमीसारखंच गेलं" यांच्या मधल्या अंदाजात कितीतरी बायका गेल्या आहेत.

निकाल २००६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. खोटी गोळी मिळालेल्यांत शंभरातल्या १२ जणींना अतिरक्तस्राव झाला, खरी मिळालेल्यांत साडेसहापेक्षाही कमी जणींना. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आलं. १८ बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. थंडी वाजणं आणि ताप येणं हा त्रास झाला, तोही लिहून ठेवला गेला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातला रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. जगातल्या कुठल्याकुठल्या खेड्यांत आज ती गोळी बाळंतिणीच्या हातावर ठेवतात. तिच्यामागच्या पुराव्यात आपल्या जिल्ह्यातल्या बायका आहेत. ज्यांना खोटी गोळी मिळाली, त्याही. त्यांच्यावाचून दुसऱ्या निम्म्यांचा आकडा कशाशी ताडून बघणार होतो?

एसटीतल्या आजोबांना मी शेतातून समजावलं होतं. भाताचं नवं बियाणं आलं की शहाणा शेतकरी त्याच वावराच्या एका तुकड्यात जुनं ठेवतो, नाहीतर पीक बियाण्यानं आलं की पावसानं, हे कळणार कसं? ही नुसती उपमाही नाही. चिठ्ठी टाकून तुकडे वाटण्याची पद्धत शेतीतूनच वैद्यकात आली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ती बसवली आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत ती रुग्णांसाठी वापरली गेली. चिठ्ठी एवढ्यासाठी, की डॉक्टरनं आपल्या मनानं निवड करू नये. मनानं निवडलं की धडधाकट बाई एका बाजूला आणि अशक्त बाई दुसऱ्या बाजूला जाते, तेही नकळत.

"पण बाई, देऊन टाकलं असतं तर नुकसान काय होतं?" या दुसऱ्या प्रश्नावर मला जास्त बोलायचं आहे, कारण याचंही उत्तर बेळगावात आहे आणि ते कडू आहे.

महिने भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात. आईला आधीच स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर ती लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवलं. मोठ्या इस्पितळांत या इंजेक्शनानं असंख्य बाळं वाचली. स्वस्त औषध, सोपं औषध. मग साहजिकच वाटलं की हे खेड्यापाड्यांत पोचवू या. कुणीही चांगला माणूस हेच म्हणाला असता. तरीही आधी तपासायचं ठरलं. बेळगाव आणि नागपूर धरून सहा देशांतल्या ठिकाणी चाचणी झाली. इथं चिठ्ठी एकेका बाईची नव्हती, गावांच्या गटांची होती. काही गटांत आरोग्य कर्मचाऱ्यांना मुदतपूर्व बाळंतपण ओळखायला आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायला शिकवलं, बाकीच्या गटांत नेहमीची सेवा चालू राहिली. जवळजवळ एक लाख जन्मांची नोंद झाली.

२०१५ साली निकाल आला. सगळ्यात कमी वजनाच्या बाळांच्या मृत्यूंत फरक पडला नव्हता. आणि सगळी बाळं मिळून पाहिलं तर इंजेक्शन पोचवलेल्या गावांत हजारी २७.४ नवजात दगावली होती, न पोचवलेल्या गावांत २३.९. मातांमध्ये संसर्गही जास्त आढळला. खेड्यात बाईला नेमके कितवे दिवस आहेत हे अचूक कळत नव्हतं, त्यामुळे ज्यांना गरज नव्हती अशा बऱ्याच जणींना औषध मिळालं. हजारी साडेतीनचा हा फरक एखाद्या गावाला, एखाद्या डॉक्टरला कधीही दिसला नसता. नर्सबाईच्या पुढ्यात वर्षाला चार बाळं जातात, पाचवं गेलं तर ती नशिबाला बोल लावते. तुलनेसाठी दुसरी गावं नसती तर हे इंजेक्शन आपण उपकार म्हणून घरोघर पोचवलं असतं. आणि बाळं जात राहिली असती. कुणाला पत्ता लागला नसता.

औषध वाईट होतं का? नाही, आणि तेही चाचणीनंच कळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियातल्या २९ रुग्णालयांत, बेळगाव धरून, पुन्हा तपासणी केली. या वेळी सोनोग्राफीनं दिवस नक्की केलेले, बाळाची काळजी घ्यायची सोय जवळ. एका गटाला डेक्सामेथासोन, दुसऱ्याला प्लासिबो, म्हणजे तीच तुमची खोटी. २०२० मध्ये निकाल लागला: नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले आणि फायदा स्पष्ट दिसल्यामुळे चाचणी ठरल्या वेळेआधीच थांबवली. तेच औषध, दोन जागा, दोन उलटी उत्तरं. आम्ही वर्गात मुलांना "निरीक्षण करा, मग अनुमान काढा" असं सांगत होतो. मुदतपूर्व बाळांच्या बाबतीत त्या वाक्याचं वजन किती असतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

म्हणजे संशोधन म्हटलं की डोळे मिटून सही करा, असं मी म्हणत नाही. मुळीच नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहांत राहणाऱ्या बऱ्याच मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१० मध्ये तो थांबवला गेला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. काही मुली दगावल्या होत्या. त्यांच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही आणि लस म्हणून ती चांगली आहे. पण शिक्षिका म्हणून मला त्या सह्या आजही टोचतात. गावात गुरुजीचा शब्द चालतो, आणि म्हणूनच गुरुजीनं दुसऱ्याच्या लेकरासाठी पेन उचलायचं नसतं. सासूनं सुनेसाठी, नवऱ्यानं बायकोसाठी उचलायचं नाही, तेही त्याच कारणानं.

आपल्या सीमाभागात आणखी एक गुंता आहे. खानापूरची मराठी मुलगी लग्न होऊन बैलहोंगलला जाते. तिथं तिला कन्नडमध्ये समजावतात, ती नवीन सून, मान हलवते. गोकाकची कन्नड मुलगी उचगावात येते, तिचं उलटं. भाषेवरून आपल्याकडे मोर्चे निघाले, पिढ्या भांडल्या. दवाखान्यात मात्र मला एकच हवं असतं: जिच्या दंडात सुई जाणार आहे तिला तिच्या माहेरच्या बोलीत सगळं कळावं. आमच्या बैठकीत कन्नड आणि मराठी दोन्ही पत्रकं मी मागते आणि मराठीतलं मोठ्यानं वाचून दाखवते. वाचताना मीच अडखळले तर ते पत्रक परत जातं.

वाचता येत नसेल तरी अंगठा घेऊन मोकळं होता येत नाही. संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. त्याच्यासमोर खुशाल विचारा. मला दुसऱ्या गटात टाकलं तर नेहमीचे उपचार मिळणार ना? मधेच सोडलं तर दवाखान्यात वागणूक बदलणार नाही ना? काही झालं तर खर्च कुणाचा? नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे. पत्रकावर फोन नंबर असतो, तो तिथंच लावून बघा. आणि घरी जाऊन विचार करायला वेळ मागा. घाई करणाऱ्याला नाही म्हणा, मला सांगितलंत तर मी बैठकीत विषय काढेन.

एका बाबतीत मात्र तुमची तक्रार पूर्ण खरी आहे, आणि ती मी लावून धरते. २०२३ मध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या चाचणीचा निकाल आला. बेळगाव आणि नागपूरसह सात देशांत २९,००० हून जास्त बायकांना कळा सुरू झाल्यावर एकदाच २ ग्रॅम औषध किंवा खोट्या गोळ्या दिल्या होत्या. आईला जंतुसंसर्ग पसरून गंभीर होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांना फायदा दिसला नाही. डॉक्टरांच्या परिषदांत यावर भरपूर बोललं गेलं. पण अशा कुठल्याही चाचणीत सामील झालेल्या बाईनं मला विचारलं, "बाई, मला कुठली गोळी होती आणि पुढं काय निघालं?" तर ते तिला तिच्या अंगणात बसून सांगणारं कुणीतरी हवं. बाळंतपणाच्या तोंडावर तिनं होकार दिलेला असतो. म्हणून आता प्रत्येक नव्या प्रस्तावावर मी एकच गोष्ट लेखी मागते: निकाल गावात कोण सांगणार, कधी सांगणार, कोणत्या भाषेत सांगणार. त्यासाठी खर्चाच्या तक्त्यात वेगळी रक्कम दिसली नाही तर मी हात वर करत नाही.