मुरगावचं गढूळ पाणी आणि लंडनची बैठक

‘तुम्ही शास्त्रज्ञ नाही, सरकारी अधिकारीही नाही, मग त्या आंतरराष्ट्रीय बैठकांना जाऊन नेमकं करता काय?’ चवथीला घरी आलेले पाहुणे हे विचारतात, विद्यापीठातली मुलं विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

समुद्राच्या पर्यावरणावर वेगवेगळ्या देशांत जे संशोधन चालतं ते एकमेकांशी जुळवायचं, आणि जिथे नियम ठरतात तिथे ते वेळेवर, उपयोगी पडेल अशा रूपात पोचवायचं, हे माझं काम. एवढं सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो. त्यामुळे मी हल्ली सरळ जहाजाच्या पोटातल्या पाण्यापासून सुरुवात करते.

खनिजाच्या तेजीच्या वर्षांत गोव्याच्या मांडवी-झुआरी नद्यांतून मुरगाव बंदराकडे निघालेल्या बार्जेसच्या, म्हणजे सपाट मालवाहू होड्यांच्या, रांगा तुम्ही पाहिल्या असतील. तो माल न्यायला येणारं मोठं जहाज रिकामं यायचं. रिकामं जहाज भर समुद्रात तोल धरत नाही, म्हणून निघताना त्याच्या टाक्यांत तिथलंच पाणी भरतात. हे बॅलास्ट. असल्या मालवाहू जहाजात ते वहनक्षमतेच्या साधारण 30 ते 40 टक्के असतं. 70,000 टनी जहाज धरलं तर 20,000 टनांहून जास्त. इथे माल चढू लागला की ते पाणी बाहेर सोडायचं. म्हणजे चीन-जपानच्या बंदरांतलं पाणी, त्यातल्या अळ्या, शेवाळ, जिवाणूंसकट, झुआरीच्या मुखाशी. तिथून चिखलीची खाडी जवळच आहे. आपल्याकडे जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी जे चपटे, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले दिसतात, त्या जातीचे जिवंत शिंपले या खाडीत आहेत. तिथे परका जीव रुजला तर तो परत पाठवता येत नाही.

ही भीती पोकळ नाही. 1980च्या दशकात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक जेलीसारखा जीव बॅलास्टमधून काळ्या समुद्रात पोचला आणि तिथला मासळीचा धंदा काही वर्षांत कोसळला. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला 1960च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला, नंतर मुंबईतही. तोच 1999 मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनला दिसला, तेव्हा त्यांनी गोद्या बंद करून क्लोरीन आणि मोरचूद ओतून तो मारला. लवकर लक्षात आलं म्हणून जमलं. आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर केरळात अष्टमुडी सरोवरात दक्षिण अमेरिकेतला चारू शिंपला आता असा पसरलाय की स्थानिक शिंपल्यांवर पोट असलेल्यांची झोप उडाली आहे. शिनाण्यांवर आणि तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, जीव टाकणाऱ्या गोवेकराला यापुढे वेगळं समजवावं लागत नाही.

कोणत्याही एका देशाने यावर बंदी घालून भागत नाही, कारण जहाजाचा मालक एका देशातला, झेंडा, म्हणजे नोंदणी, दुसऱ्याची, माल तिसऱ्याचा. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2004 मध्ये बॅलास्टचा करार केला. तो लागू होण्याची अट अशी होती की किमान 30 देशांनी मान्यता द्यावी आणि त्यांच्या झेंड्याखाली जगातल्या जहाजांच्या एकूण टनभाराचा 35 टक्के वाटा असावा. देश आधी जमले, टनभार जमेना. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटं अशा मोजक्या झेंड्यांकडेच तो एकवटलेला असतो. अखेर 2016 मध्ये फिनलंड आल्यावर अट पूर्ण झाली आणि 8 सप्टेंबर 2017 रोजी करार अमलात आला. तेरा वर्षं! या काळात किती जीव कुठे उतरले असतील याचा विचार आला की मला आजही राग येतो. पण या रस्त्याला दुसरी वाट नव्हती, हेही मला तितकंच पटलेलं आहे.

या कराराचा गाभा म्हणजे एक मोजमाप. जहाजाने सोडलेल्या एका घनमीटर पाण्यात 50 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे जिवंत जीव 10 पेक्षा कमी हवेत. त्याहून बारीक, 10 ते 50 मायक्रॉनचे, एका मिलिलिटरमध्ये 10 पेक्षा कमी. वाचायला सोपं वाटतं. पण नमुना टाकीतून घ्यायचा की बाहेर पडणाऱ्या पाइपातून? जाळीची भोकं केवढी? हलत नाही तो जीव मेलेला धरायचा की नाही? ब्राझीलच्या प्रयोगशाळेत एक उत्तर आणि आपल्याकडे दुसरं, असं झालं तर आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. आणि आकडे शेजारी ठेवता आले नाहीत की बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. ते होऊ नये म्हणून माणसांना एका पद्धतीवर आणायचं, त्यासाठी पत्रं, फोन, प्रशिक्षणं, नमुन्यांची अदलाबदल. माझे बहुतेक दिवस यात जातात.

ही परंपरा आपल्या दारातली आहे, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. 1960च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनाहून जास्त देश, 40 हून जास्त जहाजं. प्रत्येक जहाज आपापलं जाळं टाकून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा करू लागलं असतं तर त्या ढिगाचा उपयोग शून्य. म्हणून त्या मोहिमेसाठी एक ठरावीक जाळं तयार केलं: तोंडाचं क्षेत्रफळ 1 चौरस मीटर, जाळी मिलिमीटरच्या एक तृतीयांश, ओढायचं 200 मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत. सगळ्यांचे नमुने कोचीच्या केंद्रात आले आणि तिथे वेगळे काढले गेले. त्याच मोहिमेतून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, जी आज गोव्यात दोनापावलाला आहे. 2015 मध्ये त्या मोहिमेच्या दुसऱ्या पर्वाची सुरुवातही गोव्यातूनच झाली. ते जाळं कसं असावं यावर कुणीतरी चार देशांच्या हट्टी लोकांना एकत्र बसवलं असणार. त्या माणसाला मी माझ्या धंद्याचा पूर्वज मानते.

आता मुरगावचं गढूळ पाणी. बॅलास्ट स्वच्छ करणारी यंत्रं मुख्यतः दोन प्रकारची. काही पाण्यावर अतिनील किरण टाकतात, काही समुद्राच्या मिठातूनच विजेच्या साहाय्याने क्लोरीन तयार करतात. पहिल्यांना नितळ पाणी लागतं, दुसऱ्यांना खारट. जुलैत झुआरीच्या मुखाशी उभे राहा: वरून आलेला लाल गाळ, आणि पावसाने खारटपणा उतरलेला. कोळसा उतरवून रिकामं झालेलं जहाज अशा वेळी इथे बॅलास्ट भरून घेऊ लागलं तर दोन्ही यंत्रांची पंचाईत. गाळाने गाळण्या तुंबतात, माल उतरवणं थांबतं, कप्तान वैतागतो. जगात नदीमुखावरची, मान्सूनच्या टप्प्यातली कितीतरी बंदरं अशी आहेत.

अशा पाण्याबद्दलची तक्रार वर्षानुवर्षं बऱ्याच ठिकाणांहून येत होती. 2024 मध्ये लंडनला संघटनेच्या पर्यावरण समितीने त्यावर अंतरिम मार्गदर्शन मंजूर केलं. यंत्र खरोखर चालेनासं झालं तर काय नोंद करायची, पाणी तसंच घ्यावं लागलं तर नंतर खुल्या समुद्रात ते कसं बदलायचं, टाक्या कशा साफ करायच्या, हे त्यात आहे. मला हे मार्गदर्शन गरजेचं वाटतं आणि त्याची धास्तीही वाटते. ‘पाणी वाईट होतं’ ही सबब कुणीही पुढे करू शकतो. ती खरी की खोटी हे ठरवायला त्या बंदराचे, त्या महिन्याचे गढूळपणाचे आणि क्षारतेचे आकडे हवेत. उत्तरेकडच्या श्रीमंत देशांतल्या बंदरांपाशी अशा नोंदी बारा महिने असतात. आपल्याकडे पावसात होडी बाहेर काढणंच अवघड, त्यामुळे जिथे सर्वात जास्त गरज तिथेच नोंदीला भोक पडतं. बैठकीत उष्णकटिबंधातली बंदरं फक्त अडचण म्हणून ओळखली जाऊ नयेत, त्यांचे आकडे टेबलावर असावेत, यासाठी मी धडपडते. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच.

यात कागदपत्रंही पुष्कळ. परदेशी संशोधन जहाजाला आपल्या सागरी क्षेत्रात काम करायचं तर सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे किमान सहा महिने आधी तपशील द्यावा लागतो. नमुने देशाबाहेर न्यायचे तर जैवविविधतेचा कायदा आड येतो, आणि तो यायलाच हवा, कारण नमुने बाहेर जाऊन ज्ञान परत न येण्याचा इतिहास मोठा आहे. त्याबद्दल मी परदेशी सहकाऱ्यांशी भांडतेही.

नुकतंच पदवी घेतलेलं कुणी ‘यात कसं शिरू?’ विचारतं, तेव्हा मी सांगते: आधी दोन-तीन वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली डोळे घाल, जेटीवर नमुने घे. मोजणं किती कठीण असतं हे हाताला कळलं नसेल तर मोजणाऱ्यांच्या वतीने बोलता येत नाही. मग कायदा, मग लिहायला शीक. कोंकणी-मराठी सांभाळ, मालीम जेटीवरच्या ट्रॉलरवाल्याला विचारून जे कळतं ते अहवालात सापडत नाही.

आणि आता पुढचा विषय उभा आहे. जीव फक्त टाकीतल्या पाण्यातून येत नाहीत, जहाजाच्या तळाला चिकटूनही येतात. डार्विनचा तो शिंपला बोटींच्या तळाला चिकटून आल्याचंच मानतात. त्याबद्दल 2011 पासून सूचना आहेत, 2023 मध्ये त्या सुधारल्या, पण त्या ऐच्छिक. त्यांना बंधनकारक रूप देण्याच्या कामाला आता तोंड फुटलंय. मांडवीत वर्षानुवर्षं एका जागी नांगरून असलेल्या बोटी, पावसात बंद पडून राहणारे ट्रॉलर, बार्जेस यांच्या तळाला काय वाढतं, याची नोंद आपणच करायला हवी. मसुदा कागदावर उतरण्याआधी ती पोचली तर त्यात आपली बंदरं असतील. तुमच्या ओळखीत पाण्यात बुडी मारणारं, चिकाटीचं कुणी असेल तर माझ्याकडे पाठवा.