अकरावी-बारावीला मानसशास्त्र : माझा अनुभव

अकरावी आर्ट्सला मानसशास्त्र घेतेय म्हटल्यावर चुलत्यांनी विचारलं, "वेड्यांचं शिकून काय करणार?" आम्ही कोरेगाव तालुक्यातले. हा विषय मला साताऱ्यातच मिळणार होता. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, त्यामुळे भाड्याचा प्रश्न नव्हता. आईने पाठिंबा दिला आणि प्रवेश घेतला.

सुरुवातीचे धडे कोरडे वाटले. १८७९ मध्ये वुण्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, मग संप्रदाय म्हणजे विषयातले वेगवेगळे विचारप्रवाह, मग व्याख्या. खरी गोडी लागली ती स्मृतीपासून. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी स्मृतीचे प्रयोग स्वतःवरच केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ करायला त्यांनी निरर्थक अक्षरगट घेतले, कारण ओळखीच्या शब्दाला आधीच्या आठवणी चिकटलेल्या असतात. मॅडमनी वर्गात आम्हालाही असे गट तयार करायला लावले. तेव्हा कळलं, प्रयोगात काय टाळायचं हे ठरवणं हेच निम्मं काम.

प्रकल्पासाठी मी शब्दांची यादी घेऊन आळीत फिरले. यादी एकदा वाचून दाखवायची आणि आठवतील ते शब्द कोणत्याही क्रमाने सांगायला लावायचे. बहुतेकांना सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द आठवायचे, मधले गळायचे. मग दुसऱ्या यादीनंतर लगेच न विचारता उलटे आकडे मोजायला लावले. शेवटच्या शब्दांचा फायदा बराचसा गेला, सुरुवातीचे मात्र टिकले. शेवटचे शब्द अल्पकालीन स्मृतीत असतात आणि मध्ये दुसरं काम आलं की पुसले जातात, हे पुस्तकातलं वाक्य आमच्या ओट्यावर बसून मला पटलं.

शेजारच्या आज्जी आधी तयारच होईनात. "मला लिहिता-वाचता येत नाही बाय, तू दुसरीकडं जा." त्यांना सांगितलं, ही हुशारीची परीक्षा नाही, नावही लिहिणार नाही, नको वाटलं तर मध्येच थांबा. ते ऐकून त्या बसल्या. त्यांनी शब्द गट करून सांगितले : भाज्या एकत्र, भांडी एकत्र. बाजाराची अख्खी यादी तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईची ही रीतच. मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीची मर्यादा साधारण सात, दोन कमी-जास्त, अशी मांडली. पण ते सात सुटे शब्द नव्हेत, सात गट. प्रकल्पातलं मला सगळ्यात आवडलेलं पान हेच.

बारावीत मनोविकारांचा धडा आला. आमच्याकडे कुणी गप्प गप्प राहू लागलं की आधी देवऋषी गाठतात. दाभोलकरांच्या साताऱ्यात अजून हे चालतं, याचा मला राग येतो. मॅडमचा नियम कडक होता : पुस्तक वाचून कुणावर शिक्का मारायचा नाही. लक्षणं किती दिवस आहेत, रोजच्या कामात अडथळा येतोय का, हे बघायचं आणि तज्ज्ञाकडे पाठवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर मी तेव्हापासून सगळ्यांना देते.

परीक्षेसाठी एवढंच : प्रत्येक संकल्पनेला आपल्या घरातलं, गावातलं एक उदाहरण लिहून ठेवा, पाठांतर निम्म्यावर येतं. आणि मनोविकारतज्ज्ञ व्हायचं असेल तर आधी एमबीबीएस लागतं, म्हणजे सायन्स आणि बायोलॉजी. ते अकरावीचा फॉर्म भरण्याआधीच ठरवा. समुपदेशनाकडे आर्ट्समधून जाता येतं, बी.ए. आणि पुढे एम.ए. करून. मी बी.ए.ला मानसशास्त्रच घेतलंय.