‘नोंद नाही’ म्हणाले, पण दस्त त्याच कचेरीत होता

सासूबाईंच्या माहेरचा मूळपुरुष 1780च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून कंबरलंड गॅपच्या खिंडीने केंटकीत आला, हे त्यांच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. वंशावळ शोधत 1850च्या जनगणनेपर्यंत मी भराभर मागे गेले. तिथे गाडी अडली. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला त्याच जनगणनेपासून सुरुवात झाली. त्याआधी नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीच्यांचे नुसते आकडे. केंटकीचे 1790 आणि 1800चे जनगणनेचे कागद तर उरलेलेच नाहीत. सासूबाईंचे खापरपणजोबा हे या मूळपुरुषाचेच चिरंजीव, हे सिद्ध करायचं कशावरून?

जमिनीवरून. मूळपुरुष वारला तेव्हा वारसांनी जमीन विकली असणार, म्हणजे दस्त असणार. काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीला पत्र लिहिलं, शोधाची फी भरली. बरेच आठवडे थांबल्यावर एका ओळीचं उत्तर आलं: या आडनावाची नोंद नाही. फोन केला. ‘इंडेक्समध्ये (दस्तांच्या नाववार सूचीत) नाही म्हणजे नाही.’ वारसांपैकी दुसऱ्या कोणाच्या नावावर बघाल का, असं विचारलं, तर नावं तुम्हीच द्या म्हणाले. अहो, तीच तर शोधतेय! फोनवरच्या त्या बाईंचा तो सूर आठवला की अजूनही डोकं तापतं.

मग करयाद्या काढल्या. आपल्याकडे सातबारा वर्षानुवर्षं मागे चाळत जावा, तसं काम. केंटकीच्या जुन्या करयादीत जमीन कोणत्या ओढ्यावर आहे याचा रकाना असतो. मूळपुरुषानंतर काही वर्षं ती जमीन त्याच्या विधवेच्या नावावर दिसते आणि एका वर्षी गायब होते. त्याच वर्षी शेजाऱ्याच्या नावावर त्याच ओढ्यावरची, तेवढ्याच एकरांची जमीन वाढलेली! मी विकणारा सोडला आणि घेणाऱ्यांच्या इंडेक्समध्ये शेजारी शोधला. पान मिळालं. दस्तात पहिलं नाव जावयाचं होतं, म्हणून इंडेक्समध्ये त्याचं आडनाव आणि पुढे फक्त ‘व इतर’. सासूबाईंचे खापरपणजोबा त्या ‘इतर’मध्ये होते.

दस्तात चतुःसीमा झाडांवरून दिलीय: अमुक व्हाइट ओकपासून इतके पोल, पोल म्हणजे साडेसोळा फूट. खाली सगळी मुलं, मुली, जावई ओळीने. विवाहित मुलींना नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारलं, त्यांची राजीखुशी आहे, अशी स्वतंत्र नोंद. विधवेची सही म्हणजे एक फुली. (शॉनी आणि चेरोकी या मूलनिवासी जमाती या जमिनीवर शिकार करायच्या, त्याचा मात्र कुठेही उल्लेख नाही.) सासूबाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी मुलींची नावं दोनदा वाचायला लावली. मला फार अभिमान वाटला.

म्हणून सांगते, ‘नोंद नाही’ हे उत्तर घेऊन परतू नका. इंडेक्सच्या पानांच्या प्रती मागा आणि स्वतः वाचा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर पुष्कळ दस्त फुकट दिसतात. काही पानं मात्र त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जाऊनच उघडतात. काउंटी कधी आणि कोणत्या जुन्या काउंटीतून निघाली, ते आधी बघा, कारण आधीचे दस्त जुन्या काउंटीतच राहतात. 1792 पूर्वी केंटकी व्हर्जिनियातच होतं, तेव्हा व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड, तिथले कागदही सोडू नका.

आणि हो, पूर्वज अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला असेल, तर 1832च्या कायद्याखालचा पेन्शनचा अर्ज नक्की शोधा. म्हाताऱ्या सैनिकांना आपली हकिकत शपथेवर सांगावी लागायची, त्यात बऱ्याचदा जन्मगावही सापडतं.