कळ येते, उसण भरते

मंगळवार, रात्री साडेनऊ

आजचा शब्द चिखल्या.

तालुक्यात भाताची लावणी ऐन भरात आहे. सकाळपासून आलेल्या बायकांपैकी दहा-बाराजणींनी तर काही न बोलता नुसतं पाऊल पुढे करून दाखवलं. दिवसदिवस चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांमधली कातडी पांढरीफटक पडलेली, सोललेली. या बुरशीचं लॅटिन नाव मी कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. चिखल्या हा शब्द मात्र इथे पाटणच्या डोंगरात, या प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्यावर मिळाला. मला तो लॅटिन नावापेक्षा जास्त कामाचा वाटतो. त्यात कारण आहे, मोसम आहे आणि निम्मा उपायही आहे: शेतातून वर आलात की पाय धुवा, बेचक्या कोरड्या करा, मग मलम लावा.

वहीत वाक्य लिहिलं: 'उपकेंद्रावरून भिजत आले, बूट चार दिवस वाळलेच नाहीत, आणि आता मलाही चिखल्या झाल्यात.' सिस्टरना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय मॅडम. पण आमच्याकडं 'पाय चिखलानं खाल्लेत' असंबी म्हणत्यात." तेही खाली लिहून घेतलं. चिखल पाय खातो. दुपारी एकीच्या पायांकडे बघताना मला नेमकं हेच दिसलं होतं, फक्त म्हणता आलं नव्हतं.

बुधवार

ही वही का सुरू झाली ते कधीतरी नीट लिहून ठेवायचं होतं. आज पाऊस इतका आहे की दुपारनंतर कुणी आलंच नाही, तेव्हा आजच लिहिते.

मी ठाण्यात वाढले. घरात मराठी, शाळा इंग्रजी, डॉक्टरी सगळी इंग्रजीत. घरातलं मराठी जेवण, अभ्यास, नातेवाईक आणि सण एवढ्याला पुरत होतं. आमच्याकडे कुणाला काही झालं तर 'पेन होतंय' म्हणायचे. त्यामुळे इथे रुजू झाले तेव्हा माझ्याकडे एकूण चार शब्द होते: दुखतं, आग होते, ताप, चक्कर. केसपेपरवर मी बाकी सगळं या चारांत बसवत होते.

पहिल्या महिन्यात एक आजी आल्या. सत्तरीच्या, बीपीच्या गोळ्या चालू. मी विचारलं, "चक्कर येते का?" त्या म्हणाल्या, "व्हय." मी चक्करच्या गोळ्या लिहिल्या. आठ दिवसांनी त्या परत आल्या त्या मनगट मोडून. पहाटे उठून परड्यात निघाल्या होत्या, तिथेच पडल्या. मी हाताला फळी बांधत होते आणि सिस्टर त्यांच्याशी बोलत होत्या. "आजी, चक्कर म्हंजी काय हुतं ओ?" आजी म्हणाल्या, "उठलं की डोळ्याम्होरं अंधारी येती. घर न्हाई फिरत."

घर नाही फिरत. त्या तीन शब्दांत निदान होतं. आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. वरचा आकडा १५० वरून ११८ वर आला. उभं राहिल्यावर २० च्या वर उतरला की त्याला महत्त्व असतं, हे मला तोंडपाठ होतं. बीपीच्या औषधाचा डोस वरिष्ठांना विचारून बदलला. आजी आता बऱ्या आहेत, हात जुळला, पण तो हात माझ्या एका शब्दामुळे मोडला असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. त्यांनी 'व्हय' म्हटलं, कारण डॉक्टरने विचारलं होतं.

त्या रात्री वही काढली. पहिल्या पानावर चक्करचे भाऊबंद आहेत. अंधारी येणं, गरगरणं, झोक जाणं, भोवळ येणं, घेरी येणं. अर्थ लिहायचा नाही, इंग्रजी प्रतिशब्द तर अजिबात नाही, असं तेव्हाच ठरवलं. फक्त वाक्य, आणि ते माझ्या स्वतःच्या अंगावर घडलेलं. दुसरा शब्द घातला तर वाक्य खोटं पडलं पाहिजे. पहिल्या पानावरची ही तीन:

'उकिडवं बसून भांडी घासत होते, फोन वाजला म्हणून ताडकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत मात्र जागच्या जागी होती.'

'गच्चीवर गोल गोल फिरून एकदम थांबायचे, तेव्हा टाकीसकट सगळी गच्ची गरगरायची.'

'टायफॉइडमधून उठले त्या आठवड्यात मोरीपर्यंत जाताना झोक जायचा, डोकं मात्र स्वच्छ होतं.'

ही वाक्यं करताना मी काय करत होते ते मागाहून ध्यानात आलं. प्रत्येक शब्दासाठी मला माझ्या शरीराच्या आठवणीत जाऊन तो अनुभव शोधून काढावा लागत होता. शाळेत 'वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न असायचा आणि मी गाइडमधली वाक्यं पाठ करायचे. त्यात कुणी तरी कुणाच्या तरी डोळ्यांत धूळ फेकायचा, कुणाच्या पायांखालची वाळू सरकायची. मला पूर्ण मार्क मिळत. आता वाटतं, त्या वाक्यांमधल्या एकाचीही मला आठवण का नाही? कारण त्यातलं एकही मी जगले नव्हते.

भोवळ आणि घेरीची जागा अजून कोरी आहे. मला दोन्ही कधी आलेल्या नाहीत.

बुधवार, रात्री

दुपारचं लिहिणं अर्धं राहिलं.

शब्द एकटा येत नाही, क्रियापद हाताला धरून येतो. हे मला वहीनेच शिकवलं. मी लिहिलं होतं, 'पाठीत उसण झाली.' सिस्टर म्हणाल्या, "उसण हुत न्हाई, भरती." मग एकेक विचारत गेले. उसण भरते, लचक भरते, चमक मारते, सणक जाते, कळ येते, ठणका लागतो, मुरडा पडतो, पोटरीत गोळा येतो, धाप लागते, हाताला मुंग्या येतात. यातलं काहीही इकडचं तिकडे चालत नाही. उसण भरते म्हणजे ती येऊन राहते; माणूस मान वळवत नाही, सगळं धड फिरवून बघतो. चमक मारते आणि निघून जाते. सणक जाते म्हटलं की ती कुठून कुठे गेली हे विचारायलाच हवं. पेशंट कमरेपासून टाचेपर्यंत बोट फिरवून दाखवतो आणि दबलेली नस तुम्हाला तिथे खुर्चीतच दिसते. गळवाला ठणका लागला की आत पू झालाय असं धरून चालायचं. चिरा द्यायची वेळ आली की बायका म्हणतात, "रातभर ठसठसतंय." रातभर हा शब्द ठसठसण्याबरोबर दर वेळी येतो, तोही मी क्रियापदाइतकाच पक्का लिहून ठेवला आहे.

रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये वेदनेच्या शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ती ओळखली जाते. ७८ इंग्रजी शब्द, २० गटांत लावलेले. पेशंटने आपला शब्द निवडायचा. कॉलेजात ती वाचली तेव्हा मला ती एक सारणी वाटली होती. आता ती किती मायेने केलेली गोष्ट आहे ते कळतं. कुणाला तरी वाटलं की दुखणाऱ्या माणसाचा शब्द मोजण्याच्या लायकीचा आहे. आपल्याकडचे शब्द तसे लावायला घेतले तर मी क्रियापदासकट लावीन. नुसतं 'कळ' लिहून भागणार नाही.

आणि 'मला'. मला कळ येते, मला धाप लागते, मला मुंग्या येतात. आपल्या भाषेत दुखणं करणारे आपण नसतो. ते येतं, भरतं, लागतं, पडतं, आपण त्याची जागा असतो. पेशंट 'मला' म्हणतो तेव्हा मी आता पेन खाली ठेवते.

शुक्रवार

कणकण आणि कसर यांतला फरक आज आशाताईंनी सांगितला. कणकण ताप यायच्या आधी अंगात असते; कसर म्हणजे ताप उतरला तरी थोडा उरलेला. माझं वाक्य: 'आईने कपाळाला हात लावला, म्हणाली अजून कसर आहे, आणि शाळा आणखी एक दिवस बुडली.' आई हा शब्द वापरायची. मी तो ऐकत वाढले होते आणि तरीही माझ्याकडे नव्हता. फोन करून तिला सांगितलं. बराच वेळ बोललो.

सोमवार, पहाटे

झोप येणार नाही, तर लिहूनच टाकते.

काल रात्री अकराला वरच्या वाडीतून एक पहिलटकरीण आली. रस्त्यावर पाणी होतं, जीपने दीड तास लावला. तिची सासू दारातूनच म्हणाली, "सांजच्यापास्नं कळा सुरू हायत." कळ आणि कळा. वहीत कळ आहे, दाताची कळ, माझं स्वतःचं वाक्य आहे. कळा हा वेगळाच शब्द आहे. अनेकवचन झालं की तो फक्त एकाच गोष्टीचा होतो, आणि त्याचं वाक्य मी करू शकत नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम, लगेच रडली. आईचं रक्त जास्त गेलं नाही. पाचच्या सुमाराला बीपी बघायला गेले तेव्हा ती जागीच होती, पोरगी कुशीत. मी तिला वहीची गोष्ट सांगितली आणि विचारलं, माझ्यासाठी एक वाक्य करशील का, कळांचं. ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली. सिस्टर शेजारी होत्या, त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही. जसं बोलली तसं उतरवलं:

'दोन कळांच्या मदी मला झोप लागत हुती, अन् झोपंत मी लावणीच करत हुते.'