सिटी व्हीटेकला एलएसडी : अखेर डिफ बसला

मंडळी, मागच्या अपडेटला बरेच महिने झाले, गाडी उभीच होती त्यामुळे सांगण्यासारखं काही नव्हतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी गिअरबॉक्स उतरवला होता तो परवा परत चढला, आणि काल नरडाण्याकडच्या एका जिनिंगच्या पटांगणात गाडी पहिल्यांदा मनासारखी पळवली. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय, कारण स्वस्तातला एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल; डिफ म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच, आणि एलएसडी एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देतो) शोधताना मी ज्या चकरा मारल्या त्या दुसऱ्या कुणाला मारायला लागू नयेत असं मनापासून वाटतं.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. गाडी होंडाची टाइप टू सिटी, २००१ ची, १.५ व्हीटेक, कंपनीचे १०६ बीएचपी, इंजिनाला हात लावलेला नाही. ऑटोक्रॉस (मोकळ्या मैदानात आखलेल्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत) पण हिच्यावरच आणि रोजचं धुळे-अमळनेर पण हिच्यावरच. त्रास एकच होता आणि ज्याने ही गाडी मातीवर पळवलीय त्याला तो माहीत आहे, सेकंड गिअरला कोपऱ्यात पाय दिला की आतलं चाक नुसतं गरगर फिरतं, इंजिन ओरडतं, मुरूम उडतो आणि गाडी जागची हलत नाही.

ह्याबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकतो की साध्या डिफमध्ये सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते. तसं नसतं. साधा डिफ दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतो, आणि आतलं हलकं झालेलं चाक जेवढा पेलू शकतं तेवढाच बाहेरच्यालाही मिळतो. समजा आतलं चाक १०० पेलतंय, तर बाहेरचं ४०० पेलायला तयार असलं तरी त्यालाही १००च मिळणार. म्हणजे एवढं वजन अंगावर घेऊन बसलेलं बाहेरचं टायर फुकट बसून राहतं, आणि एलएसडीचं काम त्या टायरला कामाला लावायचं.

आता मागच्या वर्षीची गोष्ट, जी मी तेव्हा नीट लिहिली नव्हती. बजेट नव्हतं म्हणून मी स्प्रिंग आणि प्लेटवाला इन्सर्ट टाकला होता, म्हणजे जुना डिफ तसाच ठेवायचा आणि आतल्या साइड गिअरच्या मधे स्प्रिंगने दाबलेल्या दोन प्लेटा बसवायच्या. कुणाचा होता ते सांगत नाही. पहिले दोन महिने बरं वाटलं, खरंच फरक होता, नंतर तो फरक कमी कमी होत गेला आणि साधारण ४००० किलोमीटरला ऑइल काढलं तर ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काळी चकाकणारी पेस्ट, बोटावर घेऊन चोळली तर कणी लागत होती. इथे फ्रंट व्हील ड्राइव्हवाल्यांनी कान टवकारा, आपला डिफ गिअरबॉक्सच्या आतच असतो आणि ऑइल दोघांचं एकच असतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफ वेगळ्या घरात राहतो, तिथे प्लेटा झिजल्या तर तिथलं तिथे राहतं. आपल्याकडे ती कणी सिंक्रोमधून (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगांमधून) आणि बेअरिंगमधून फिरते. दुसरा गिअर कचकचायला लागला तेव्हा मी इन्सर्ट काढून टाकला.

मग शोध सुरू. क्लच टाइप, म्हणजे एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या प्लेटांनी पकडणारा, पहिल्यांदा डोक्यात आला कारण काझ, कुस्को ह्या जपानी कंपन्यांचे वापरलेले कधीकधी मिळतात आणि रॅलीवाले त्याचीच शपथ घेतात. पकडतोही जबरदस्त, चाक हवेत गेलं तरी प्रीलोडमुळे (आधीच देऊन ठेवलेल्या दाबामुळे) काहीतरी टॉर्क जातोच, आणि रॅम्पचा (प्लेटा दाबणाऱ्या उताराचा) अँगल बदलून वन वे, दीड वे, टू वे, म्हणजे फक्त पाय दिल्यावर, पाय काढल्यावरही थोडं किंवा दोन्ही वेळा पकडणारा, असं हवं तसं करता येतं. पण त्याच्या प्लेटा ठराविक काळाने बदलाव्या लागतात, त्या मागवाव्या लागतात, पार्किंगमध्ये वळताना कटकट आवाज येतो, ऑइल वेगळं लागतं जे सिंक्रोला मानवेलच असं नाही, आणि परत तीच झीज त्याच ऑइलमध्ये. नुसती इव्हेंटची गाडी असती तर घेतला असता. मी हिच्यातून आईला दवाखान्यात नेतो.

डिफ वेल्ड करायचा, म्हणजे दोन्ही चाकं कायमची जोडून टाकायची, हा सल्ला दोघांनी दिला. पुढच्या चाकांना प्लीज कुणी करू नका, डांबरावर स्टेअरिंग हातात राहत नाही आणि ड्राइव्हशाफ्ट जातात.

राहिला हेलिकल, म्हणजे गिअरवाला. क्वाइफ कंपनीचा एटीबी, टॉर्सन, सगळे ह्याच घरातले, टॉर्सन हे नावच टॉर्क सेन्सिंगवरून आलंय. ह्यात प्लेटा नाहीत, तिरक्या दातांच्या छोट्या गिअरच्या जोड्या खोबणीत बसवलेल्या असतात, लोड आला की त्या खोबणीच्या भिंतीवर आणि टोकाला दाबल्या जातात आणि त्या घर्षणातून पकड असलेल्या चाकाकडे जास्त टॉर्क जातो. बायस रेशो, म्हणजे पकड असलेल्या चाकाला दुसऱ्याच्या किती पट टॉर्क मिळू शकतो ते, २.५ धरला तर मघाच्या उदाहरणात आतलं १०० पेलत असताना बाहेरच्याला २५० पर्यंत मिळतो. नेहमीचं होंडाचंच एमटीएफ (गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, झीज फार कमी, आवाज नाही. कमीपणा एकच पण मोठा, चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्य गुणिले अडीच शून्यच, प्रीलोड किरकोळ असतो तेवढाच काय तो मिळतो. त्यावर उपाय डाव्या पायाने हलकासा ब्रेक, म्हणजे हवेतल्या चाकाला खोटा लोड मिळतो आणि डिफ जागा होतो. आणि होंडाने स्वतः १९९५ च्या इंटेग्रा टाइप आरला हेलिकलच दिला होता, ह्या गोष्टीने माझा निर्णय पक्का झाला. (तो आपल्या बॉक्समध्ये बसत नाही, तो बी सिरीजच्या इंजिनांचा, आपलं इंजिन डी सिरीजचं. विचारू नका, मी पण विचारून झालोय.)

नवीन क्वाइफ शिपिंग, कस्टम, आयजीएसटी धरून माझ्या बजेटच्या दुप्पट जात होता. स्वस्त कॉप्या बघितल्या, पण घेऊन आधी उघडायच्या, आतले वॉशर आणि बोल्ट बदलायचे, मग बसवायच्या, असं सगळेच सांगत होते. त्यामुळे वापरलेलाच बघायचं ठरवलं आणि चार महिन्यांनी कोइंबतूरच्या एका बंद झालेल्या रॅली कारमधला एटीबी मिळाला, ४८ हजाराला.

पैसे पाठवायच्या आधी एक काम केलं आणि ते सगळ्यात शहाणपणाचं ठरलं. कबाडीकडून ९ हजाराला एक मेलेला सिटीचा गिअरबॉक्स घेतला आणि तो ओट्यावर उघडला. डिफ हातात आल्यावर बेअरिंग बसते त्या जागेचा व्यास, क्राउनच्या (डिफला बोल्टने जोडलेल्या मोठ्या गिअरच्या) बोल्टची संख्या आणि अंतर, शाफ्टचे स्प्लाइन (दात), सगळं व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने मोजून वहीत लिहिलं, आणि विकणाऱ्याकडून व्हिडिओ कॉलवर तीच मापं घ्यायला लावली. होंडाच्या डी सिरीजमध्येच बॉक्स वेगवेगळे आहेत, नाव सेम म्हणून पैसे पाठवू नका. स्पीडोमीटरचा गिअर डिफच्या अंगावरच असतो, तो त्याच्याकडे गायब होता हेही तेव्हाच कळलं, माझा जुनाच वापरला.

फिटिंग अवधान एमआयडीसीतल्या आमच्या लेथवाल्या अण्णांकडे. आखाजीला त्यांची पोरं गावाला गेलेली, बहीण आमच्याकडे माहेरी आलेली, घरात खापरावरचे मांडे चाललेले आणि मी दुपारी ४४ डिग्रीत पत्र्याच्या शेडमध्ये. क्राउनचे बोल्ट निघेनात. अण्णांनी पान्याला पाइप लावला, सगळं अंग टाकलं, बोल्ट जागचा हलत नव्हता आणि पाना चढायला लागला. तेवढ्यात मला मॅन्युअलमधली ओळ आठवली, तोवर अण्णांनीच हात थांबवून आट्यांकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, हाई ते उलटं शे!" होंडाच्या क्राउनचे बोल्ट डाव्या आट्यांचे असतात. उलट्या बाजूने ताकद लावली आणि टक् करून पहिला सुटला. ही ओळ वाचून एकाचा जरी बोल्ट वाचला तरी बास. परत कसताना १०१ न्यूटन मीटर, आमने-सामने, दोन फेऱ्यांत.

नवीन बेअरिंगा हॉटप्लेटवर तापवून बसवल्या, ठोकायची गरज पडली नाही. वेळ गेला तो क्लिअरन्समध्ये. बेअरिंग आणि शिमच्या (फट भरायच्या रिंगच्या) मधली फट ० ते ०.१० मिमी हवी, माझी ०.२२ येत होती. फीलर गेज घालायचा, काढायचा, केस परत उघडायची, असं पाच वेळा. जाड रिंग नवीन मिळेना, शेवटी कबाडातल्या बॉक्सची रिंग लावून बघितली तर ०.०६ वर आली. संध्याकाळचे सात वाजले होते, अण्णांनी पंखा बंद केला आणि आम्ही दोघं बाहेर खाटेवर नुसते बसून राहिलो.

कालचं. कापसाचा सीझन संपल्यामुळे पटांगण रिकामं, मालक मित्रच. रंगाचे डबे ठेवून डबल यूचा ट्रॅक केला, जो जुन्या डिफवर मी फेब्रुवारीत पळवला होता, टायर तेच, हवा तीच. तेव्हाचा बेस्ट ४८.६ सेकंद, काल सहाव्या रनला ४६.९. ह्यातला थोडा भाग माझ्या पायाचा असेल हे मान्य. पण खरा फरक वेळेपेक्षा हाताला कळतो, कोपऱ्याच्या मध्यावर पाय दिला की पूर्वी स्टेअरिंग हलकं पडायचं, आता ते जड होतं आणि गाडीचं नाक आत ओढलं जातं. पहिल्या दोन रनला मी ह्याला घाबरून पाय काढला आणि डबा उडवला. पायच द्यायचा असतो, काढायचा नसतो, हे अंगवळणी पडायला वेळ लागेल. डांबरावर एक बाजू खडबडीत असली की स्टेअरिंग हलकंसं ओढतं, दोन्ही हात लागतात, बाकी रोजच्या चालवण्यात काही कळत पण नाही.

काल रात्रीच एमटीएफ काढून बघितलं. मॅग्नेटवर बारीक करडी पूड, नवीन बेअरिंगची असते तेवढीच, कणी नाही. दुसरा गिअर अजून गाडी थंड असताना अडकतो, तो इन्सर्टचा प्रसाद, सिंक्रो रिंग मागवलीय. टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) सरळ शून्यावर आणून परत एकदा त्याच डब्यांमधून पळवणार आहे, आणि पाऊस पडला की ओल्या मुरुमावर. डाव्या पायाच्या ब्रेकचा कुणाला ह्याच गाडीवर अनुभव असेल तर सांगा, मला पेडलचं अंतर जमत नाहीये.