खिशातल्या कॅमेऱ्याची घडी बसवताना: पाच दिवसांच्या डोंगरवाटेचा वृत्तांत

पहिला दिवस दाट जंगलाचा, दुसरा मुक्काम तळ्याकाठी, तिसऱ्या दिवशी बर्फाने झाकलेली धार, चौथ्या दिवशी उतारावरचा धबधबा आणि पाचव्या दिवशी पायथ्याचे लहानसे संग्रहालय, असा आमचा कार्यक्रम होता. भाची सोबत होती आणि पाठीवरचे ओझे आधीच पुरेसे होते, त्यामुळे मोठा कॅमेरा व त्याच्या लेन्सा घरी ठेवून मी फक्त खिशात मावणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा घेतला. सेन्सर ‘एक इंची’ म्हणवला जाणारा, म्हणजे प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा (हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून चालत आले आहे, इंचाची पट्टी लावून काही हाती लागत नाही), आणि लेन्स फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशेबाने २४ ते ७० मिलिमीटरची. वाटेचे वर्णन येथे कमीच आहे. वाट सोपी होती. पंचाईत झाली ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमुळे, आणि प्रत्येक वेळी चूक माझीच होती.

निघण्याच्या आदल्या रात्री मेन्यू उघडून बसलो, तो आधी काय बंद करायचे हे ठरवण्यासाठी. डिजिटल झूम बंद केला, कारण तो चित्राचा मधला तुकडा कापून फुगवतो आणि तेच काम घरी संगणकावर अधिक चांगले होते. फोटोवर तारीख छापणारा पर्याय बंद केला. तारीख फाइलमध्ये नोंदलेली असतेच, आणि चित्रावर उमटलेले नारिंगी आकडे नंतर पुसता येत नाहीत. फोकससाठी पेटणारा दिवा, प्रत्येक कळीची टुकटुक आणि आपोआप उडणारा फ्लॅशही बंद केला. घड्याळ मात्र फोनशी मिनिटाला मिनिट जुळवले. फोनमध्ये वाटेचा जीपीएस आलेख नोंदवायचा असेल, तर फोटो कोठे काढला हे पुढे केवळ वेळेवरून जुळवता येते, आणि घड्याळ दहा मिनिटे मागे असले तर धबधब्याचा फोटो नकाशावर भलत्याच वळणावर जाऊन बसतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केले आणि रॉ (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) व जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेले चित्र) अशा दोन्ही फाइली जतन करण्याचा पर्याय निवडला.

एवढी तयारी झाल्यावर आपण जिंकलो असे मला वाटले, आणि पहिल्याच दिवशी जंगलाने ते खोटे ठरवले. डायल ‘पी’वर, म्हणजे शटरचा वेग आणि लेन्सचे छिद्र दोन्ही कॅमेऱ्यावर सोडणाऱ्या मोडवर होता, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर. झाडांखालचा उजेड डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने तो फारच थोडा असतो. आयएसओ वाढू नये म्हणून कॅमेरा शटरचा वेग १/३० सेकंदापर्यंत खाली आणत होता. झाडांचे बुंधे त्यात स्वच्छ आले, कारण हाताचा कंप कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा सांभाळून घेते. पुढे चालणारी भाची मात्र प्रत्येक फोटोत पुसट झाली होती. स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर आवरते, समोरच्या माणसाची चाल नाही, हे मला ठाऊक होते. तरी बारा-पंधरा फोटो वाया गेल्यावरच मी मेन्यूकडे वळलो.

ऑटो आयएसओच्या आत दोन मर्यादा ठरवता येतात, आणि माझ्या मते कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या साऱ्या मेन्यूत याहून मोलाची जागा नाही. पहिली मर्यादा कमाल आयएसओची. दुसरी शटरच्या किमान वेगाची, म्हणजे ज्याच्या खाली उतरण्याआधी कॅमेऱ्याने आयएसओ वाढवावा असा वेग. मी कमाल आयएसओ ३२०० आणि किमान वेग १/१२५ ठरवला. चालत्या माणसाला १/१२५ जेमतेम पुरतो, पळत्या मुलाला १/५०० तरी हवा. समोर फक्त डोंगर असेल तर १/६० वरही भागते. वाढलेल्या आयएसओने चित्रात दाणे येतात याची भीती अनेकांना असते, पण दाणे नंतर बऱ्यापैकी कमी करता येतात आणि हललेला चेहरा कोणत्याही उपायाने स्थिर होत नाही. ज्यांच्या कॅमेऱ्यात ही दुसरी मर्यादा नसेल, त्यांनी सावलीत ‘एस’ मोड लावून वेग स्वतः ठरवावा आणि बाकीचे कॅमेऱ्यावर सोडावे.

अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या मापाचा, प्रश्न त्याच संध्याकाळी निकालात काढला (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). मोठ्या कॅमेऱ्याच्या सवयीने निसर्गदृश्यासाठी हात एफ/११ कडे जातो, पण लहान सेन्सरला ते मानवत नाही. छिद्र फार लहान झाले की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो आणि बिंदूची चकती होते. हिरव्या प्रकाशात एफ/८ ला ही चकती सुमारे १०.७ मायक्रॉनची होते, आणि वीस मेगापिक्सेलच्या एक इंची सेन्सरवर एक पिक्सेल असतो अवघ्या २.४ मायक्रॉनचा. म्हणजे छिद्र बारीक करून मिळवायला जावे ती धार उलट हातची जाते. शिवाय त्याची गरजही नसते. माझ्या लेन्सच्या सर्वांत रुंद टोकाला, जिथे खरी फोकल लांबी ८.८ मिलिमीटर आहे, एफ/४ वर पावणेदोन मीटरवर फोकस केला, तर साधारण नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. म्हणून डायल ‘पी’वरून ‘ए’वर (छिद्र आपण ठरवायचे, वेग कॅमेऱ्याने) आणला आणि एफ/४ वर ठेवला. ज्यांचा सेन्सर याहून लहान, १/२.३ इंची आहे, त्यांनी तर छिद्र बारीक करण्याच्या भानगडीत पडूच नये.

दुसऱ्या दिवशीचा सूर्यास्त तळ्यावर मिळाला. येथे दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. ऑटो व्हाइट बॅलन्सला, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणाऱ्या सोयीला, समोरचा तांबूस रंग हा दिव्याचा दोष वाटतो आणि तो रंग धुऊन टाकण्याकडे त्याचा कल असतो, म्हणून ‘डेलाइट’ निवडला आणि पाण्यावरचा तांबडा पट्टा जसा दिसत होता तसा आला. रॉमध्ये हा रंग घरी परत बदलता येतो. फक्त जेपेग काढणाऱ्यांनी मात्र हा बदल जागेवरच केला पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवल्यापेक्षा फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय. आकाशाचे रंग गडद यावेत म्हणून मी ते टप्प्याटप्प्याने खाली आणत उणे १ २/३ वर नेले. फोटो सुरेख आले. कॅमेरा बंद करून खिशात ठेवला आणि तंबूत शिरलो.

पुढची चूक त्या खिशातच तयार झाली होती. तिसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही धारेवर पोहोचलो आणि बर्फावर उन्हाची पहिली तिरीप पडली तेव्हा मी भराभर फोटो काढत सुटलो. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून तिचा उजेड सर्वांत वर चढवला, त्यामुळे फोटो स्क्रीनवर छान उजळ दिसत होते. तासाभराने आडोशाला बसल्यावर भाचीने कॅमेरा हातात घेतला, अंगावरच्या जाकिटाचा पडदा करून स्क्रीन पाहिली आणि म्हणाली, “मामा, हे बर्फ आहे की राख?”

राखच होती. आदल्या संध्याकाळचे उणे १ २/३ तसेच राहिले होते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून मोजतो, त्यामुळे बर्फासमोर तो मुळातच फोटो काळपट करतो. त्याला पांढरे दाखवायचे तर अधिक १ किंवा त्याहून थोडे वर जावे लागते. मी होतो नेमका उलट बाजूला, म्हणजे हव्या त्या जागेपासून अडीच स्टॉपहून अधिक खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चाळीसेक फोटो त्यात गेले. रॉ फाइली असल्यामुळे घरी बरेचसे उजळता आले, पण भाचीच्या निळ्या जाकिटाच्या घड्यांमध्ये दाण्यांचे रवे स्पष्ट दिसतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १२ बिटच्या रॉमध्ये ४०९६. जेपेगच असते तर तो निळा रंग पट्ट्यापट्ट्यांनी फुटला असता. स्क्रीनवर विश्वास टाकण्याऐवजी हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) चालू ठेवला असता, तर डाव्या बाजूला गोळा झालेला ढीग पहिल्याच फोटोत दिसला असता. तेव्हापासून तो माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम आहे.

त्या आडोशाला बसूनच मी कॅमेऱ्याची खरी घडी बसवली. तोपर्यंत ‘आवडती सेटिंग’ म्हणजे सर्वांत चांगले फोटो देणारी सेटिंग असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात प्रवासात ती एवढ्यासाठी लागते, की कॅमेरा खिशातून काढून सुरू केला की तो कोणत्या अवस्थेत असेल हे न बघता माहीत असावे. नेहमीच्या ‘पी’ किंवा ‘ए’ मोडमध्ये बरेच कॅमेरे शेवटचा बदल धरून ठेवतात. डायलवरच्या सी-१, सी-२ किंवा एमआर अशा खुणेच्या जागी जतन केलेली मांडणी मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत बंद-चालू केल्यावर मूळपदावर येते. म्हणून ‘ए’ मोड, एफ/४, ऑटो आयएसओ ३२०० पर्यंत, किमान वेग १/१२५, संपूर्ण चौकटीचे मीटरिंग, चेहरा ओळखणारा फोकस, कॉम्पेन्सेशन शून्य, फ्लॅश बंद, हे सारे सी-१ मध्ये जतन केले आणि पुढचे दोन दिवस डायल बहुतेक वेळ तिथेच ठेवला. बर्फासाठी अधिक १ करायचे, फोटो काढायचे, कॅमेरा बंद करायचा. पुन्हा उघडला की शून्य.

यात दोन खाचा आहेत. जतन करताना कॅमेरा त्या क्षणी असलेली प्रत्येक गोष्ट उचलतो, त्यामुळे कॉम्पेन्सेशन चुकून उणे राहिले असेल तर तेही कायमचे होऊन बसते. ‘जतन करा’ दाबण्यापूर्वी स्क्रीनवरचा प्रत्येक आकडा एकदा वाचावा. दुसरे म्हणजे वीज वाचवण्यासाठी कॅमेरा आपोआप झोपी गेला, तरी काही कॅमेरे तात्पुरते बदल विसरतात. मी झोपण्याची वेळ एका मिनिटावरून पाच मिनिटांवर नेली. ज्या कॅमेऱ्यांवर कॉम्पेन्सेशनची स्वतंत्र खरी चकती असते, तिथे ही सोय चालत नाही, कारण चकती हाताने फिरवल्याशिवाय परत येत नाही. त्यांनी कॅमेरा खिशातून काढताना अंगठ्याने ती चाचपण्याची सवय लावावी.

बॅटरीचे थोडक्यात सांगतो. माहितीपत्रकात दिलेली फोटोंची संख्या ज्या सीपा (कॅमेरा उत्पादकांची संघटना) मानकानुसार मोजलेली असते, त्यात निम्म्या फोटोंना फ्लॅश उडवलेला असतो. फ्लॅश न वापरणाऱ्याला त्याहून अधिक फोटो मिळायला हवेत. धारेवरच्या थंडीत मात्र लिथियम बॅटरी लवकर मान टाकते. सुटी बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवावी, आणि ‘संपली’ म्हणून काढलेली बॅटरीही टाकून न देता तिथेच ठेवावी, कारण ऊब मिळाल्यावर ती आणखी काही फोटो देते.

धबधब्याशी चौथ्या दिवशी दुपारी पोहोचलो. पाणी रेशमासारखे यावे यासाठी पाव सेकंदाच्या आसपासचा वेग लागतो. सावलीत एफ/५.६ आणि सर्वांत कमी आयएसओवर कॅमेरा १/३० दाखवत होता. कॅमेऱ्यातला एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी करडी काच) लावल्यावर तीन स्टॉप उजेड कमी झाला आणि वेग पाव सेकंदावर आला. तिपाई नव्हती, कॅमेरा सपाट दगडावर, खाली हातमोजा घालून टेकवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बोटाचा धक्का फोटोत येत नाही. ही मांडणी सी-२ मध्ये गेली. त्यात स्थिरीकरण बंद ठेवले आहे, कारण कॅमेरा दगडावर स्थिर असताना काही यंत्रणा नसलेली थरथर शोधत राहतात.

तिथेच उन्हात टोपीखाली झाकोळलेला भाचीचा चेहरा उजळण्यासाठी आधी बंद केलेला फ्लॅश मुद्दाम उडवला. अनेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचे शटर लेन्सच्या आत असते, त्यामुळे १/१००० सारख्या वेगालाही फ्लॅश जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांना हे इतक्या सहज जमत नाही. दोन मीटरच्या आत उभे राहावे, एवढेच.

संग्रहालयात कोणाला त्रास होऊ नये म्हणून आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर लावले आणि पहिल्याच फोटोत भिंतीवर आडवे काळे पट्टे उमटले. विजेवरचे बरेच दिवे वारंवारतेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते, त्यामुळे काही ओळी उजेडात तर काही अंधारात वाचल्या जातात. यांत्रिक शटरवर परत आलो आणि वेग १/१०० धरला, तेव्हा पट्टे गेले. ५० हर्ट्झच्या विजेला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या विजेला १/६० किंवा १/१२० हे वेग सोयीचे पडतात. लेन्सच्या आतल्या शटरचा आवाज इतका बारीक असतो, की शेजारी उभ्या असलेल्या भाचीलाही तो ऐकू आला नाही.

घरी आल्यावर सी-१ मध्ये दोनच बदल केले. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून डेलाइटवर आणला आणि स्क्रीनचा उजेड मधल्या पायरीवर ठेवला. सी-३ अजून रिकामी आहे. ती भाचीने स्वतःसाठी मागून घेतली आहे आणि तिच्यात किमान वेग १/२५० हवा असे बजावले आहे, कारण पुढच्या वेळी फोटो ती काढणार आणि चालणार मी.